टोलिव्हर आणि पीचचा डबा

३ नोव्हेंबर २००८, सोमवार

ऑरिनच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. चोवीस, लास व्हेगासला. हृदयाची झडप बदलणार. डॉक्टरीणबाईंनी बजावलं – त्याआधी डोंगर नाही, नंतरही बहुधा नाही. शहात्तर वर्षांचा माणूस ओरडा खाल्लेल्या पोरासारखा छताकडे बघत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, आइस्क्रीम खाऊ या. दोघांनी दोन-दोन गोळे खाल्ले.

माझ्या डोक्यात मात्र एकच – टोलिव्हर डोंगर राहिला!

४ नोव्हेंबर

झोप नीट नाही. इथल्या वाळवंटातल्या शहाण्णव डोंगरांची यादी आहे, त्यातले म्हाताऱ्याचे पंच्याण्णव झालेले. शेवटच्या डोंगरावर काहीतरी गोड न्यायचं, सगळ्यांनी खायचं, आणि माथ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात वही असते तिच्यात 'यादी संपली' लिहायचं, ही या डोंगरवेड्यांची रीत. आमच्याकडे त्यासाठी पीचचा डबा आहे. अकरा वर्षं तो आमच्याबरोबर निघतो आणि न उघडता परत येतो.

पहिल्या वर्षी गुडघा. मग ढग. मग पाणवठ्यावर मधमाश्या. एकदा तर ऐंशी मैल गाडी हाकली आणि हा म्हणतो, बूट घरी राहिले! मी इतकी भडकले की परतताना चाळीस मैल बोलले नाही. एकेचाळिसाव्या मैलाला हसू आलं.

त्याच्याशिवाय वर जावं असं कधी मनातही आलं नाही. सत्त्याण्णव साली ड्वेन मला सोडून गेला, तेव्हा मी सामान बांधून रीनोला बहिणीकडे निघाले होते. ऑरिन दारात येऊन उभा. आपल्या मुलाबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "पोरी, माझा एक डोंगर राहिलाय. एकट्यानं जमायचा नाही. तेवढा करून जा." मी थांबले. मग शाळेच्या बसवर नोकरी लागली, खोली मिळाली, आणि जायचं राहून गेलं. नवरा गेला, सासरा राहिला. बरा सौदा झाला म्हणते मी.

७ नोव्हेंबर

सांगून टाकलं – तुम्ही गाडीपाशी बसा, मी वर जाते आणि वहीत तुमचं नाव लिहून येते. ऑपरेशनच्या आधी यादी संपलीच पाहिजे. पुढचं कोणी सांगावं?

एवढा तापला! दुसऱ्यानं लिहिलेलं नाव चालत नाही म्हणे. मग म्हणे, वही नसेलच, उंदरांनी खाल्ली असेल. मग म्हणे, एकटी बाई तिथं जायची नाही. मी म्हटलं, पस्तीस वांड पोरं रोज घाटातून सुखरूप उतरवते, मला धाक दाखवू नका. दार आपटून गेला. संध्याकाळी घेवड्याची आमटी घेऊन आला. दोघं जेवलो.

१० नोव्हेंबर

अजून नाहीच म्हणतो. मीपण हट्टाला पेटले आहे.

१२ नोव्हेंबर

तुमच्याशिवाय जाईन, गाडी आहे माझ्याकडे – असं म्हटल्यावर खुर्चीत मटकन बसला. मग कागद ओढून वाट काढायला लागला.

"खिंडीपर्यंत रानमेंढ्यांच्या मागावर जा. खिंडीतून सरळ चढायचं नाही, तिथं खडक सुटतो. डावीकडं वीस पावलं उतर. लाल खडकाचा पट्टा लागेल, त्यात एक फट आहे आणि फटीत मोठा दगड अडकलाय. दगडाच्या मागं हात घाल, पकड मिळेल. दिसत नाही, पण आहे."

तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं. न चढलेला डोंगर म्हाताऱ्यानं केवढा पाठ केलाय!

१४ नोव्हेंबर

कोरड्या ओढ्यात गाडी लावली आहे. एक आरसा दिलाय मला, एक त्याच्याकडे. माथ्यावरून तीन चमका, मधूनच फिरले तर एक. "आणि वर फार वाचत बसू नकोस," म्हणाला. म्हणजे काय कोण जाणे. पीचचा डबा माझ्या पिशवीत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडताच निघाले. वाट अशी नाहीच. ओढ्यातले काटे पोटऱ्या सोलून काढतात, त्यानंतरचे दगड पाऊल ठेवलं की सरकतात. खिंडीत पोचायला चार तास. दोन मेंढे माझ्याकडे 'ही कोण' म्हणून बघत उभे होते. खाली गाडी खेळण्यातली दिसत होती. आमचा म्हातारा दर दहा मिनिटांनी आरसा चमकवत होता – बसवत नसणार त्याला.

दुपारी खिंडीतूनच एक चमक दिली. खाली आले तेव्हा तो ओढ्यात अर्ध्यापर्यंत सामोरा आला होता. रागावले. त्याला सांगितलं, खिंडीच्या वर वाट सापडली नाही, घाबरले, फिरले.

त्यानं माझे तळहात धरून उलटे केले. लाल धूळ बसली होती बोटांच्या पेरांत. मग प्यायच्या पाण्याचा डबा आणला आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. वाळवंटात हात धुवायला कोणी पाणी देत नाही. हा तर कधीच नाही.

"पुढच्या नोव्हेंबरात बघू," म्हणाला. पीचचा डबा स्वतःच्या हातानं सीटखाली सारला.

मी खोटं बोलले. माथ्यावर पाऊण तास बसले होते. त्याचं आज लिहवत नाही.

२४ नोव्हेंबर

सहा तास झाले. अजून आतच आहे. ड्वेनचा फोन आला, नीट बोललो. देवा, मला हा म्हातारा हवा आहे.

२५ नोव्हेंबर

शुद्धीवर आला! नळ्यांच्या जंजाळातून पुटपुटला, "नोव्हेंबर." मी म्हटलं, बूट विसरू नका. हसला आणि दुखलं म्हणून कळवळला.

आता लिहिते. वही होती. उंदरांनी खाल्ली नव्हती. जुन्या पानावर त्याचं अक्षर –

'१२ एप्रिल १९८६. शहाण्णवावा. यादी संपली. बेट्टीचा केक पिशवीत चेपला, तरी सगळा खाल्ला. डोंगर पुरे झाले. आता घरी बसणार. – ऑरिन.'

खाली बेट्टीची सही. माझ्या लग्नाआधीच गेली ती, सासू मी पाहिली नाही. अक्षर पाहिलं.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. आमचा टोलिव्हर अजून राहिलाय.