मागे कुणीतरी बसव

कुचेवो,
९ फेब्रुवारी २००४

चि. रादे यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू आपल्या सोयीचं ऐकतोस, म्हणून पत्र लिहायला बसले. व्हिएन्नाच्या कारखान्यानं तुझे कान खाल्ले, अक्कल तरी शाबूत ठेवली असेल असं धरून चालते.

नाताळात इथं आलास, प्लमच्या दारूचे चार पेले रिचवलेस आणि माझ्या वुकाशिनला, तुझ्या लाडक्या वुलेला, मोटरसायकल कबूल करून गेलास. हवी ती निवड म्हणालास. तेव्हापासून पोरगा जमिनीवर नाही. एकोणीस वर्षांचा घोडा, आजवर चालवलं काय, तर पोस्टमनची मोपेड, तीही उतारावर.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. मिलोये मला विधवा करून गेल्यापासून सतरा वर्षं त्याच्याच शेडमध्ये थडग्यांचे दगड कोरते आहे. काळा दगड, हिऱ्याच्या टोकाची सुई, आणि आईबापांनी आणून दिलेला फोटो. पोराला जे प्रिय होतं ते त्याच्या शेजारी कोरून घ्यायची आपल्याकडची हौस. अशी अकरा पोरं मी मोटरसायकलीसकट कोरली आहेत. आरसे, टाकीवरचा पट्टा, चाकाची नक्षी, सगळं ठिपक्या ठिपक्यानं. एका गाडीला मला नऊ दिवस लागतात. पोराच्या चेहऱ्याला चार.

बारावा मला कोरायचा नाही. तू शब्द दिलास, मागे घे म्हणत नाही, कारण तू घेणार नाहीस. पण लहान घे. सव्वाशे सीसीची. दोन वर्षं ती चालवू दे, पडू दे, गुडघे सोलू देत, मग पुढचं पुढं. तुला मूलबाळ नाही रादे, म्हणून समजावून सांगावं लागतं.

तब्येतीला जप. उलट टपाली लिही.
तुझी,
स्मिल्या ताई

*

व्हिएन्ना,
२२ फेब्रुवारी २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मूलबाळ नाही हे तू दर पत्रात कळवतेस, त्याबद्दल आभारी आहे. मी विसरून जाईन अशी तुला काळजी वाटत असावी.

सव्वाशेची मोटरसायकल म्हणजे शिलाई मशीन. गावाकडच्या आपल्या शेजारच्या मोम्चिलोनं, जो इथं माझ्याच रस्त्यावर फरशा बसवतो, आपल्या पोराला सहाशेची घेऊन दिली आणि मला बिअरच्या टेबलावर चौघांदेखत विचारलं की तू काय देणार, सायकल की काय? तीस वर्षं मी इथं लोखंड उचललं. गावच्या घरापुढं दोन सिमेंटचे सिंह बसवले. आणि त्या सिंहांमधून माझा एकुलता भाचा फटफट करत शिलाई मशीनवर बाहेर पडणार? मोम्चिलो हसून हसून मरेल, आणि त्याचा दगडही तूच कोरशील. तेवढं एक काम वाढेल.

तुझ्या नवऱ्यानं जन्मात ट्रॅक्टरपेक्षा वेगवान काही चालवलं नाही. काय मिळालं? दगडाच्या धुळीनं चव्वेचाळीसाव्या वर्षी छाती भरली आणि गेला. जपून राहणारे जास्त जगतात हे तू तरी मला सांगू नकोस. वुले जी निवडेल ती मी घेईन. हजारची म्हणाला तर हजारची.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
रादे

*

कुचेवो,
१४ मार्च २००४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, तुझ्यासारखा मामा सगळ्या पेक नदीच्या खोऱ्यात नाही. आईला तुझं पत्र आलं तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही, 'तो बहिरा' म्हणते, म्हणजे तू जिंकलास.

पोझारेवाकच्या मोटरसायकलच्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्यानं आधी काय चालवलंस विचारलं. मोपेड म्हटल्यावर त्यानं मला हाताला धरून कोपऱ्यातल्या एका बारक्या गाडीपाशी नेलं आणि म्हणाला की वर्षभर हिच्यावर शिक, मोठ्या गाडीचा ब्रेक चुका माफ करत नाही. माझ्यासोबत आलेली पोरं असली खिंकाळली की म्हाताराच लाजला. आता तीच पोरं मला रस्त्यात गाठून विचारतात की मापात बसणारी मिळाली का.

आईनं तर कमालच केली. रविवारी जेवणं झाल्यावर टेबलावरची कोबीच्या सारम्याची ताटं बाजूला सारली आणि अकरा फोटो ओळीनं मांडले. प्रत्येकाचं नाव, वय, कुठल्या वळणावर गेला. आणि मला म्हणाली, नीट बघ. मी नीट बघितलं. सातव्या फोटोतली गाडी, लाल, हजारची, शेपटी वर उचललेली. मी म्हटलं आई, हीच. तिनं माझ्या कानाखाली वाजवली. पण मामा, गाडी खरंच तीच. म्हाताऱ्याच्या दुकानात तशी एक उभी आहे.

आईची कटकट मनावर घेऊ नकोस. ती दिवसभर मेलेल्यांशी बोलते, जिवंत माणसाशी कसं बोलावं ते विसरली आहे.

आशीर्वाद असू दे, आणि पैसे लवकर पाठव.
तुझा भाचा,
वुकाशिन

*

कुचेवो,
२६ मे २००४

चि. रादे यास,
अ. उ. आ.

तुझी लाल बला येऊन महिना झाला. पहिल्याच दिवशी वुलेनं ती आपल्या फाटकातच आडवी केली. मूठ जरा जास्त पिळली आणि गाडी त्याच्या आधी घरात आली. तुझा डावा सिंह आता बिननाकाचा आहे. मी आठ दिवस पोराशी बोलले नाही. गाडीचा आवाज गेला की सुई हातात धरून बसायचे, आणि परत आला की ठिपका टाकायचे. असल्या हातानं एका म्हाताऱ्या न्यायाधीशाची भुवई वाकडी झाली, त्याची बायको अजून बोंबलते आहे.

पण आता झोप लागते. का ते ऐक. एक दिवस ते अकरा फोटो पुन्हा काढून बसले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकराही एकटे होते. एकाच्याही मागे कुणी बसलेलं नव्हतं. सतरा वर्षांत मोटरसायकलच्या दगडावर मी दोन माणसं कधी कोरली नाहीत. याचा अर्थ उघड आहे, मागे माणूस असलं की पोरं शहाण्यासारखी चालवतात.

म्हणून मी वेल्को बेकरीवाल्याकडं गेले. त्याची तियाना, एकुलती. परीक्षा झाली, शरदात औषधशास्त्र शिकायला निशला जाणार. वुलेवर तिचा डोळा आहे हे अख्ख्या गावाला माहीत, एक वेल्को सोडून. मी तिला म्हटलं, बाई, एवढा उन्हाळा माझ्या पोराच्या मागे बस. पोरगी पिठासारखी पांढरी होती, टोमॅटोसारखी झाली. वेल्कोनं कपाळाला आठ्या घातल्या. मी त्याच्या काउंटरवर कोपर टेकून सांगितलं, वेल्को, याबाबतीत मला जेवढं कळतं तेवढं या गावात कुणाला कळत नाही, सतरा वर्षांत मागे कुणाला बसवलेला एकही माझ्याकडे आला नाही. धंद्याचा माणूस धंद्याच्या माणसाचं ऐकतो. तो तयार झाला.

आता वुले असा चालवतो की कोंबड्या वाटेतून उठत नाहीत. तो चिडतो, मला पाठीवर ब्रेक बांधलास म्हणतो. चिडू दे.

मी तुला बरंच टोचून लिहिलं होतं, ते पोटात घाल.
तुझी,
ताई

*

व्हिएन्ना,
८ जून २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझ्यापुढं हात टेकले. जपान्यांना जमलं नाही तो ब्रेक तू बेकरीत शोधलास. फक्त वजनाला जरा भारी बघायला हवा होता, ती वेल्कोची काडी वाऱ्यानं उडेल.

गंमत सोड. पोरगी गुणी आहे आणि सून म्हणून चालेल. निशला जाण्याआधी साखरपुडा उरकून टाका, बँडवाले मी आणतो. मोम्चिलोला मी सांगितलं की माझ्या भाच्याच्या गाडीवर मागे लोक बसतात, तुझ्या पोराच्या गाडीवर बसायला कुत्रंसुद्धा तयार नाही. त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

सिंहाचं नाक तूच बसव, तुझ्याएवढं चांगलं कोण बसवणार. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
रादे

*

कुचेवो,
१९ जुलै २००४

रादे,

तुझी तार मिळाली. 'आपला वाचला, देव पावला.' तू अर्थ लावून वाचशील म्हणून सगळं सरळ लिहिते.

गोलुबाकच्या पुढं, नदीकाठच्या तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी वळणावर खडी सांडली होती. वुले सावकाशच होता, पोलिसानंही तसंच लिहिलं आहे. खडी दिसली आणि घाबरून त्यानं पुढचा ब्रेक मोपेडचा असल्यासारखा मूठ आवळून दाबला. चाक जागच्या जागी अडकलं. तो गाडीसोबत घसरत गेला, गळपट्टीचं हाड आणि मनगट मोडलं. मागे बसलेली तियाना उडून बोगद्याच्या भिंतीवर आदळली. हेल्मेट वुलेचं होतं, तिला मोठं व्हायचं.

वुले आता चांगला जेवतो. परवा म्हणाला की गाडीची फक्त डावी बाजू गेली आहे, दुरुस्त होईल, मामाला विचार. मी त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला. तू त्याला काही पाठवलंस तर तुला बहीण नाही असं समज.

वेल्को काल शेडमध्ये आला. गावात दुसरं कोण कोरतं, आलाच असता. मला वाटलं हात उगारेल. त्यानं टोपी काढली आणि फोटो पुढं केला. शाळेच्या निरोपसमारंभाचा, पांढरा लांब झगा. म्हणाला, अशीच कोर, पायाशी गुलाब घाल. मोटरसायकल नको. ती कशानं गेली हे दगडावर कुणाला दिसता कामा नये. मी मान हलवली.

मग जाता जाता दारात थांबून त्यानं विचारलं की तू सांगितलं होतंस, मागे कुणाला बसवलेला एकही तुझ्याकडे आला नाही, मग हे कसं झालं? भांडायला नव्हे रादे, खरंच विचारत होता. मला त्यातलं कळतं असं तो अजून धरून आहे.

तो गेल्यावर मी फोटोंचा दुसरा खण उघडला. मुलींचा. सतरा वर्षांत मी चौदा तरण्या मुली कोरल्या. पांढरे झगे, गुलाब, एकीच्या खांद्यावर कबुतर. कशानं गेल्या हे मी आईबापांना कधी विचारलं नाही, विचारायची आपल्यात रीत नाही. आज सकाळपासून जमतील त्या घरी फोन लावले. दोघी आजारानं गेल्या. एक नदीत. तिघींची घरं आता लागत नाहीत. उरलेल्या आठ कुणाच्या ना कुणाच्या मागे बसल्या होत्या. चालवणारे सगळे जिवंत आहेत, दोघांची लग्नं झाली, म्हणून त्यांचे दगड माझ्याकडे आले नाहीत.

मला माझं पोर जिवंत हवं होतं, ते मिळालं. तुझ्याजवळ लोभ मागायची आज इच्छा नाही, माझ्याजवळही तुला द्यायला नाही. वेल्को उद्या सकाळी येणार आहे. तिचे डोळे मी कोरत असताना त्याला शेजारी बसायचं आहे, आणि आठचा आकडा त्याला अजून माहीत नाही.

स्मिल्या