राणीची बैठक

माय, मागच्या रविवारी मी आपल्या गावाला जाऊन आले. तिकीट काढून. ज्या गावातून आपण गाडीत मडकी घालून निघालो आणि जे धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच्या काठानं आता सहल निघते. सकाळी परभणीहून टेम्पो ट्रॅव्हलर, जिंतूरला चहा-पोहे, मग दिवसभर त्या खडकाळ काठानं गाईडच्या मागं मागं फिरायचं आणि सूर्य बुडाला की परत. जाहिरातीत 'मराठवाड्याचा समुद्रकिनारा' असं लिहिलेलं. सूनबाईनं मला न विचारताच दोन जागा धरल्या. तिला वाटलं, सासूनं उभा जन्म दवाखान्यात नर्सची नोकरी केली, कुठं गेली नाही की आली नाही, निदान तिचं बुडालेलं गाव तरी तिला दाखवावं. पोरगी मनानं चांगली आहे. तिचा उजळलेला चेहरा बघून माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

काठ सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील ही सगळ्यालाच नावं ठेवते. काळा कातळ पायऱ्यांसारखा पाण्यात उतरत गेलाय, वारा सुटला की लाटा खरोखर येऊन आपटतात, आणि पलीकडचा काठ इतका लांब की धुरकट दिसतो. पण त्याची माणसांनी जी दशा केलीय ती बघून माझ्या अंगावर काटा आला. खडकाच्या प्रत्येक फटीत वेफर्सची पाकिटं. गुटख्याच्या पिचकाऱ्या. कडेला मेलेले मासे फुगून आलेले, त्यांच्याशेजारी उभं राहून लोक दात काढून फोटो काढतायत. बोटीच्या डिझेलचा तवंग पाण्यावर पसरलेला. आमच्याच गाडीतल्या एका बाईनं वाटेत पिशवीत ओकून ती पिशवी खिडकीतून भिरकावली आणि लगेच गाण्याच्या भेंड्यांत सूर लावला. घाणीला मी भीत नाही, माय. लोकांच्या जखमा धुण्यात माझं आयुष्य गेलं. पण ही हौसेनं केलेली घाण होती, आणि ती करणारे सगळे 'काय निसर्ग आहे!' असं म्हणत होते.

गाईड तिशीतला, तिकडचाच. डोक्याला टोपी, कानाला माईक. दिसेल त्या दगडाला त्यानं नाव ठेवलेलं. हा हत्ती, हा ध्यानाला बसलेला साधू, हा प्रेमभंगाचा कडा. लोक माना डोलवत होते. आमच्यात एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, पांढरा शुभ्र शर्ट, सोबत लेक, सून, नातवंडं. ते पाण्याकडं बघायचे आणि रुमाल डोळ्यांना लावायचे. त्यांच्या लेकानं सगळ्या गाडीला सांगून टाकलं होतं की बाबांचं गाव या पाण्याखाली आहे. मी तेव्हाच त्यांना ओळखलं, त्यांच्या नाकावरून. वरच्या आळीतली ती शेतकरीण तुला आठवते ना, जिच्या दारात दोन बैलजोड्या असायच्या? तिचं नाक जसंच्या तसं. सूनबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, तुम्हाला पण रडू येत असेल ना?" मला आलं होतं ते हसू.

कारण मला आपला निघायचा दिवस आठवत होता. वरच्या आळीतल्या बायका भिंतींना मिठ्या मारून रडतायत, कुणी उंबऱ्याची माती पदरात बांधून घेतंय, म्हातारी माणसं मारुतीपुढं लोळण घेतायत, आणि तू आपल्या गाडीजवळ उभी राहून आपल्या खालच्या आळीतल्या पोरांच्या हातावर गूळ ठेवतेयस. मी सात-आठ वर्षांची असेन. बापाचा जीव वर-खाली व्हायला लागला. "लोकं रडायलेत अन् तू गूळ वाटायलीस? कुणी बघितलं तर काय म्हणंल?" तू मान वर न करता म्हणालीस, "रडू दे की. त्यांचं बुडायलंय म्हणून रडायलेत. माझं काय बुडायलंय हितं?" गाडी टेकाडावरून वळली तेव्हा मला मात्र चिंचेचं झाड दिसलं आणि मी भोकाड पसरलं. तू माझ्या गालावर अशी काही लगावलीस की माझा आवाजच बंद झाला. "ह्या गावासाठी माझ्या लेकीच्या डोळ्यात पाणी न्हाई पायजे," एवढंच म्हणालीस, आणि मग बऱ्याच वेळानं त्याच गालाला गुळाचा हात लावलास. त्या गालाला माशा बसत राहिल्या.

दुपार कलली तसा गाईड आम्हाला टेकाडाच्या कडेला घेऊन आला. मी आधी त्या जागेला ओळखलंच नाही. खालचं गाव नाही, वाट नाही, झाड नाही, नुसतं पाणी. पण पाण्याला लागून तो रुंद काळा खडक दिसला, एका अंगानं उतरता, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला, आणि माझे पाय जागीच थांबले. नदी आटली की सगळ्या गावाला उन्हाळाभर एकच विहीर उरायची, ती या खडकाच्या पायथ्याशी. आता ती पाण्यात आहे. खडक तेवढा वर राहिलाय. गाईड त्यावर उभा राहिला आणि माईकमधून म्हणाला, "तर मंडळी, ही आहे राणीची बैठक. फार वर्षांपूर्वी एक राणी रोज इथं येऊन बसायची, आणि गावातल्या बायका विहिरीचं पाणी काढून तिच्या घागरी भरून द्यायच्या. राणी स्वतः विहिरीला हातसुद्धा लावायची नाही!" मग त्यानं पिशवीतून सोनेरी कागदाचा मुकुट आणि एक जरीची शाल काढली. फोटोसाठी. बायकांची झुंबड उडाली. एकीनंतर एक मुकुट घालून तिथं बसायल्या, हनुवटीखाली हात ठेवायल्या, आणि बाकीच्या घागर ओतल्याचं सोंग करायल्या. अगदी खरं सांगते, तोंडाला पाणी सुटतं ना ओकायच्या आधी, तसं सुटलं.

मी गाईडला बाजूला घेऊन विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो अजिबात ओशाळला नाही. "हितल्याच म्हाताऱ्यांनी, आजी. ते म्हणले, ह्या खडकावर बाया बसून राह्यच्या, विहिरीला हात लावायच्या न्हाईत, अन् दुसऱ्या बाया त्यांला पाणी वाढायच्या. मग मी म्हणलं, जी बसून राहती अन् जिला दुसरे पाणी वाढतेत, ती राणीच असणार ना? दुसरं कोण असंल?" खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरोखर दुसरं कोणी सुचलं नव्हतं. आणि लगेच मुकुट माझ्यापुढं धरून म्हणाला, "बसा ना आजी. फोटो लय भारी येईल."

तू बसायचीस तिथं, माय. उन्हानं तापलेल्या त्या दगडावर घागरी पुढ्यात ठेवून, आणि मी तुझ्या सावलीत. आळीतल्या सगळ्या जणी ओळीनं. कायदा झालेला होता, आपण धम्म घेतलेला होता, पण त्या गावाच्या विहिरीपर्यंत यातलं काही पोचलेलं नव्हतं. कुणी वरच्या आळीची आली की तुम्ही म्हणायच्या, "वाढा वो माय, वाढा." ती आधी आपल्या घागरी भरायची, मग दुसरीशी गप्पा मारायची, मग आठवण झाली तर हात उंच धरून वरून ओतायची, म्हणजे विटाळ नको. अर्धं पाणी दगडावरच सांडायचं. तू ते सांडलेलं पाणी बघायचीस, ओतणारीकडं कधी बघायची नाहीस.

मी मुकुट घेत नाही म्हटल्यावर त्या गृहस्थांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी कुठली, कुणाची, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम फुलला. "म्हंजे खालच्या आळीच्या तुमी!" आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका रे पोरांनो! ह्यांच्या लोकांला माझी माय रोज पाणी वाढायची. लय पुण्यवान बाई. कुणाला तहानलेलं जाऊ दिलं न्हाई तिनं. काय एकोपा होता आमच्या गावात! सांगा, ताई, तुमीच सांगा." त्यांनी पुन्हा रुमाल काढला. गाईडनं मोबाइल माझ्यासमोर धरला. सूनबाई कौतुकानं बघतेय.

मग मी सांगितलं. आवाज चढवला नाही, दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं सरळ सांगितलं. "इथं कोणी राणी नव्हती. इथं माझी आई बसायची. विहिरीला हात लावला तर मारतील म्हणून बसायची. तुमच्या आई पाणी वाढायच्या ते खरं आहे. पण विहिरीवरून आम्हाला हाकलणाऱ्यांतही त्याच होत्या. पुण्य कसलं त्यात? तुम्ही या गावासाठी रडता, रडा. माझ्या आईनं हे गाव बुडालं तेव्हा गूळ वाटला होता." मुकुट घातलेली बाई खडकावरून हळूच खाली उतरली. गृहस्थांचा चेहरा उतरला, मला वाटलं आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल. तर म्हणाले, "जुनं उकरून काय भेटायलंय ताई? सुट्टीचा दिवस हाय." आणि गाईड खालच्या आवाजात मला म्हणतो, "आजी, थोडं पॉझिटिव्ह बोला ना. आपण परत घेऊ. नुसतं 'गाव लय आठवतं' एवढं म्हणा." मी नाही म्हटलं. तोवर कुणीतरी ओरडलं, गरम भजी आली, आणि सगळी माणसं तिकडं पळाली. सूनबाई माझा हात धरून नुसती उभी राहिली. मीच तिला म्हटलं, जा, तू खाऊन घे, मी येते.

दोन दिवसांनी तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या फोनवर आला. मी आहे त्यात. माझे ओठ हलताना दिसतात, आवाज काढून टाकलाय, मागं बासरी लावलीय, आणि खाली लिहिलंय, 'गावाच्या आठवणीनं आजी भावुक.' त्याखाली लोकांनी बदाम आणि हात जोडलेले टाकलेत. सूनबाईनं तिथं खरं काय ते लिहिलं, तर ते थोड्या वेळात कुणीतरी पुसून टाकलं. तिनं परत लिहिलं. ती अजून रोज लिहिते आणि ते रोज पुसतात. मला या सगळ्याचा इतका वीट आलाय की सांगता येत नाही. त्या गृहस्थांचं मला काही नाही, पण गाडीतल्या पंधरा-वीस माणसांनी खरं ऐकलं आणि एकाच्याही तोंडात भजं अडकलं नाही.

हे मी तुला लिहितेय खरं, पण तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि आता जे लिहितेय ते तुझ्या तोंडावर वाचायची माझी छाती झाली नसती. सगळे भज्यांकडं गेले तेव्हा मी त्या खडकावर चढले आणि पार पाण्यापर्यंत उतरले. विहीर माझ्या बरोबर खाली होती. मी वाकून ओंजळ भरली आणि प्यायले. पाण्याला डिझेलचा वास होता, चिखलाची चव होती, पलीकडं मेलेला मासा तरंगत होता. दुसरी ओंजळही प्यायले. त्या रात्रीपासून तीन दिवस माझं पोट बिघडलं. सूनबाई विचारत होती, काय बाधलं, तर मी म्हटलं, भजी. भजी मी खाल्लीच नव्हती.