नत्थूचा रिलीवर

३ जानेवारी १९८६
आले एकदाची भिलाईला! पावर हाउस स्टेशनजवळच्या लॅबमध्ये मी आता टेक्निशियन. राहायला सेक्टर ६ मध्ये सुशीलामावशीकडे, जायला-यायला तिची सायकल. बाबा वर्ध्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर. लेक पांढऱ्या कोटात गेली म्हणून त्यांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. डॉक्टरांनी पहिलंच काम दिलं, डीप फ्रीझर आवरून नीट लावायचा. काय तो पसारा! रक्ताच्या नळ्या बर्फात चिकटलेल्या, कुठली कधीची पत्ता नाही. मला असल्या कामाची भारी हौस.

५ जानेवारी
बर्फ वितळवला, रॅक पुसले. मलेरिया वर, कावीळ मधे, जुनं सगळं बाहेर. तळाच्या कोपऱ्यात एकच नळी, लेबलवर 'नत्थू'. ती उचलणार तोच झाडूवाली गिरजाबाई धावत आली. तिने सांगितलं, नत्थू इथला जुना अटेंडंट, आधी स्टील प्लांटमध्ये होता. एकदा त्याचा रिलीवर, पुढच्या पाळीचा माणूस, आलाच नाही. रिलीवर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही प्लांटची सवय, बसून राहिला. फ्रीझरला टेकलेला सापडला, गार. हे त्याचंच रक्त. गिरजाबाई म्हणे, त्याले नोको हलवू पोरी, त्याची ड्यूटी सुटली नाही अजून.
भुताखेतांना हसायचं, हे बाबांनी आम्हाला लहानपणीच शिकवलंय. मी हसले.

६ जानेवारी
नळी काढलीच. वर गंमत म्हणून, पाळी बदलताना म्हणतात तसं मोठ्याने म्हटलं, जा भाऊ, मी आली, तुमची सुट्टी. गिरजाबाईच्या हातातला झाडू गळाला. म्हणाली, हे काय करून बसली वं माय.

८ जानेवारी
घरी दोन रजया घेऊनही दात वाजतात. फ्रीझरपाशी बसलं की ऊब येते. डॉक्टर म्हणाले मलेरिया. बोटातून घेतलेल्या रक्तात काहीच निघालं नाही.

९ जानेवारी
नत्थूच्या जागी नळी उभी. लेबलवर माझं नाव, 'विशाखा'. अक्षर माझंच. माझ्या कोपराच्या खळगीत सुईची खूण, कुणीच टोचलेली नसताना. नळी फेकली. दुपारी परत तिथेच.
घाबरले आहे. पण त्याहून जास्त चिडले आहे. मेलेल्या माणसाने माझी ड्यूटी लावायची?

१० जानेवारी
वर्ध्याची गाडी धरायला निघाले. फलाटावर पाय लाकडासारखे झाले, श्वास अडकला. हमालाने हातगाडीवर घालून लॅबमध्ये आणलं. दारात येताच चालायला लागले.

११ जानेवारी
गिरजाबाई रडत होती. उद्या तारा येऊन राहिली म्हणे, कामावर नवी पोरगी, प्लांटवाल्याची लेक. आल्या आल्या ती म्हणेलच, ताई, मी आली, तुम्ही जा. तू फक्त ऐकून घे, सुटशील.
नाही. ती पोर काय म्हणून? मी कुणाच्या गळ्यात हे— नाही म्हणजे नाही. माझ्यापाशीच संपेल हे. तिला वाटेत अडव म्हटलं. गिरजाबाई डोळे पुसत निघून गेली.

१२ जानेवारी
आतून कडी लावली. बोटं वळत नाहीत.
दार वाजतंय. तारा. अडवलं नाही तिला—
डाव्या हाताने ट्रे बडवते आहे. तिचं ऐकूच आलं नाही तर सुट्टी घेतलीच नाही. हो ना नत्थूभाऊ? ऐकूच येऊ देणार—
ट्रे पडला. उचलवत नाही.
किती लहान आवाज आहे हिचा. ताई, मी आली, आता तुम्ही—