दीड वाजताची मालिका

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ ऑगस्ट २०१८

प्रिय प्रणिता,

माझ्या हातचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहिते की सगळे सुखरूप आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण या तीन खोल्यांत आईच्या कानाआड काही बोलता येत नाही, आणि मोबाइलवर टाइप करायला बसले की चार ओळी लिहून पाच ओळी पुसते. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला चंद्रशेखर परवा पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे पाकीट देते आहे. सुबोधच्या हाती द्यायचं नाही, तुझ्याच हाती द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलंय. माझा भाऊ पत्र उघडून वाचेल आणि मग दोघींना उपदेश करत बसेल. तुला नवऱ्याचा स्वभाव ठाऊक आहेच.

आम्ही मार्चमध्ये केबल काढून टाकली हे तुला माहीत आहे. सगळ्यांना मी जी कारणं सांगितली ती काही खोटी नव्हती. तुमच्या त्या लाडक्या मालिकेत एक साखरपुडा अठरा भाग चालला. थोरल्या जावेनं 'मी हे लग्न होऊ देणार नाही' म्हटलं की घरातल्या नऊच्या नऊ माणसांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे, मग ढगांचा गडगडाट, मग जाहिराती, आणि जाहिरातींनंतर पुन्हा तेच वाक्य. एका मराठी वाहिनीसाठी आमच्या गळ्यात गोल्फ, मासेमारी आणि कोरियन स्वयंपाक असं सगळं गाठोडं बांधलेलं. आमची लेक वेदा तर टीव्हीकडे बघतसुद्धा नव्हती. 'हू वॉचेस केबल एनीमोर, लाह' असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून आपल्या खोलीत जायची. तेव्हा केबल गेली, इंटरनेटवरचं आलं. हवं तेव्हा, हवं ते, जाहिरातींशिवाय. ऑफिसात, शेजारी, तुमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, सगळीकडे मी हेच सांगत होते.

खरं कारण तू होतीस.

जानेवारीत मला ताप आला होता, आठवतं? वन-नॉर्थचं ऑफिस एक दिवस चुकवत नाही मी, पण त्या दिवशी उठवेना. दुपारी आतल्या खोलीत पडले होते. दीड वाजता, म्हणजे तुमच्याकडे अकराला, बाहेर टीव्ही लागला आणि पाठोपाठ आईचा फोन वाजला. पलीकडे तू होतीस. मला तुझा आवाज ऐकू येत नव्हता, आईचा येत होता. 'कोणती गं, हिरव्या साडीतली?' मग थोडं थांबून, 'आणि तो? खाली मान घालून? मेला.' आणि मग आई हसली. प्रणिता, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. आईला असं फिस्सकन, शाळकरी मुलीसारखं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. अर्धा तास ते चाललं होतं. संपताना आई म्हणाली, 'जा आता, तुझी शाळेची वेळ झाली. डबा घेतलास ना?'

मी संध्याकाळी सहज म्हणून विचारलं, कुणाचा फोन होता. आई म्हणाली, प्रणिताचा, खुशालीचा. नंतर मी तिचा फोन उघडून पाहिला. पाहायला नको होता, पण पाहिला. रविवार सोडून रोज, दीड वाजता, तू. पावणेदोन वर्षं.

माझ्याशी आई कामाचं बोलते. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते, सुबोध सहावीत. तेव्हापासून आई आणि मी दोन कारकुनांसारख्या बोलत आलो. गॅसचा नंबर लावलास का, सुबोधची फी भरलीस का, मामांना पत्र टाकलंस का. सुबोधला तिनं मुलगा म्हणून वाढवलं आणि मला सोबतीण म्हणून. मला त्याचा अभिमान होता, माझ्याशिवाय आईचं पान हलत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे. मग तू आलीस. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी घरी आले, तर तुम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चकल्या पाडत होतात आणि मी दारात आल्यावर बोलणं थांबलं. तुम्हाला ते आठवतही नसेल. मी मात्र विसरले नाही. इथे तिला आणायचा हट्ट माझा होता, वेदासाठी म्हणून. तिच्या इथे राहायच्या परवान्याचे, लाँग टर्म पासचे कागद मी कुठून कुठून गोळा केले! मला वाटलं होतं, आता ती माझी. आणि तू रोज दीड वाजता तिला परत घेऊन जात होतीस.

म्हणून मी केबल बंद केली. आईला सांगितलं की इथल्या कंपनीनं मराठी वाहिनीच काढून टाकली. ती 'बरं' म्हणाली. एवढंच. इंटरनेटवर तुमची मालिका होती, अगदी दुसऱ्या दिवशी नवा भाग येतो. मी ती शोधून दिली नाही. केबलच्या रिमोटवर आई तीन आकडे दाबायची की झालं. या नव्या प्रकारात पडद्यावर शंभर चित्रं, त्यातून बाणानं सरकत जायचं, नाव वाचायचं. ते तिला जमेना. मी म्हटलं, जमवायची काय घाई आहे, संध्याकाळी आपण दोघी मिळून बघू.

आणि तशा बसलो आम्ही. चार महिने, जेवणं झाली की. मी चांगलं-चांगलं निवडायचे, तुमच्या त्या रडारडीपेक्षा आईला काहीतरी बरं दाखवावं म्हणून. डेन्मार्कची पोलीस चौकशी, जपानमधलं एक खानावळीवालं कुटुंब. खाली इंग्रजी अक्षरं येतात. आई बँकेत तीस वर्षं होती, इंग्रजी तिला माझ्याइतकंच येतं. ती हाताची घडी घालून सरळ बघत बसायची. मी विचारलं की 'छान आहे' म्हणायची. हसायची नाही. मला वाटायचं, रुसली आहे. तुझ्यासाठी रुसली आहे. जितकी ती गप्प, तितकी मी हट्टानं दुसरा भाग लावायचे.

जूनच्या शेवटी एकदा आवाज थांबला. या ॲपचं असं असतं, बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की पडदा काळा होतो आणि हाताएवढ्या पांढऱ्या अक्षरांत विचारतो, अजून कुणी बघतंय का? मी भांडी लावत होते. आई समोर बसलेली, डोळे उघडे, तोंड टीव्हीकडे. मी यायची वाट बघून म्हणाली, 'किती वेळ चालते गं ही जाहिरात?'

मी म्हटलं, 'आई, समोर काय लिहिलंय?'

ती म्हणाली, 'चष्मा कुठे ठेवलाय मी.'

चष्मा तिच्या नाकावर होता.

पुढचं मी तुला सांगायला हवं असं नाही, तुला माझ्याआधी ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, म्हणून ती घरभर वावरायची, कुकर लावायची, वेदाला खाली बस थांब्यापर्यंत सोडायची. मधलं दिसत नाही. अक्षर नाही, चेहरा नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. परतताना बसमध्ये मी विचारलं, 'मी दिसते का तुला?' ती म्हणाली, 'केस दिसतात, खांदे दिसतात. वर्षभरापूर्वीपर्यंत दिसत होतीस.' मी केव्हा टिकली लावणं सोडलं, केव्हा चष्म्याची काडी बदलली, सगळं तिनं लोकांच्या बोलण्यातून उचललं होतं.

मी रडले नाही. मला राग आला, आणि तो तुझा आला. घरी येऊन मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? दुखतं का, भीती वाटते का, यातलं काही नाही. मी विचारलं, 'प्रणिताला का सांगितलंस?' ती म्हणाली, 'सांगितलं नाही. तिनं ओळखलं. मालिकेत एकदा मी जावेला नणंद समजले, तर दुसऱ्या दिवसापासून ती न विचारता सांगायला लागली. आता ही आत आली, हिरवी साडी, तो मान खाली घालून उभा. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. महिन्याभरानं म्हणाली, आई, डोळे दाखवा. मी तिला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.'

फोनवरून, प्रणिता. समुद्रापलीकडून तुला कळलं. मी तिच्यासमोर ताट वाढत होते रोज.

आणि तू शपथ अर्धी मोडलीसही. गेल्या दिवाळीत तू म्हणाली होतीस, 'ताई, आईंचे डोळे एकदा तपासून घ्या ना, वयाप्रमाणे.' मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. 'माझ्या आईचं काय करायचं ते मला कळतं, तू तिथलं बघ.' तू 'बरं ताई' म्हणून फोन ठेवलास. तेव्हा नेलं असतं तर डावा डोळा आणखी थोडा वाचला असता, असं डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलं नाही, पण मी विचारल्यावर त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

मार्चनंतर आई तुझे फोन का टाळू लागली, हे तुला कुणी सांगितलं नसणार. तुला वाटलं असेल, तुझं काही चुकलं. तुझं काही चुकलं नाही. केबलचं खोटं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वरच्या मजल्यावरच्या स्मिताकडे ती हळदीकुंकवाला गेली, तर तिथे तीच वाहिनी चालू. घरी येऊन ती मला एका शब्दानं बोलली नाही. मला परवा म्हणाली, 'तुला आवडत नव्हतं ना आमचं बोलणं, म्हणून मीच बंद केलं. एका घरात राहायचं, तर कुणाचा जीव कशाला जाळायचा.' माझा जीव जळू नये म्हणून ती चार महिने न दिसणाऱ्या पडद्यासमोर बसली.

मी लगेच सगळं सुरू करून द्यायला निघाले होते. केबल, ती वाहिनी, तू, दीड वाजता. आईला म्हटलं, मी जमेल तेव्हा घरून ऑफिसचं काम करीन, मीही तुला सांगत जाईन, काय चाललंय ते. एक दिवस प्रयत्नही केला. मला जमत नाही गं. मी 'ती रागावली आहे' म्हणते आणि आई विचारते, 'कशावरून?' तेवढ्यात दृश्य पुढे जातं, मग मी मालिकेला नावं ठेवते. आईनं रिमोट चाचपून आवाज बंद केला आणि म्हणाली, 'अनू, मला पुण्याला जायचंय. प्रणिताकडे.' सुबोधकडे असं ती म्हणाली नाही. मी खूप बोलले. इथले डॉक्टर चांगले, वेदाला तुझी सवय, मुलीकडे आई राहिली तर बिघडलं कुठे. ती सगळं ऐकून म्हणाली, 'तुझ्याकडे मला दिसतंय असं वागावं लागतं. तिच्याकडे नाही लागणार.'

तर येत्या शुक्रवारचं तिकीट आहे. सुबोधला फोनवर कळवलंय, तारीख-वेळ, रिपोर्टांची फाइल, थेंब कसे घालायचे, सगळं. नातेवाईक म्हणतील, लेकीला जड झाली म्हणून पाठवली. म्हणू देत. तुला तेवढं खरं ठाऊक असू दे, की मी अडवत होते आणि ती तुझ्याकडे निघाली. 'मी आनंदानं पाठवते आहे' असं वाक्य मघाशी इथे लिहिलं होतं, ते खोडलं. तुझा हेवा वाटतो मला, आजही, हे लिहितानाही, आणि तो शुक्रवारपर्यंत जाईल असं वाटत नाही. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते एवढंच. सुबोध म्हणाला, मी एकटाच मुंबईला गाडी घेऊन जाईन, प्रणिताची शाळा आहे. शाळेला रजा टाक. विमानतळावर तू ये. व्हीलचेअरवाला तिला बाहेर आणेल तेव्हा समोर शंभर माणसं असतील आणि तिला त्यातला एकही चेहरा दिसणार नाही. ती कुणाला हे सांगणार नाही, नुसती हसत बसेल. सुबोध हात हलवत राहील. तू हात हलवू नकोस. तू मोठ्यानं हाक मार.

तुझीच, असं लिहायला हात अजून कचरतो, तरी तुझीच,
अनघाताई