दाराबाहेर

प्रिय चिमणे,

तू दुसरीत असताना शाळेतून उवा घेऊन आली होतीस, आठवतं? रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर मी बसायचे, एक पायरी खाली तू, आणि माझ्या हातात बारीक दातांची फणी. पाठमोरी बसलीस की तुझी टकळी थांबायची नाही. कुणी पेन्सिल मोडली, कुणी ‘उवांची राणी’ म्हटलं, सगळं सांगायचीस. उवा गेल्या तरी महिनाभर तू “आई, अजून एक चावतेय गं” म्हणत पायरीवर येऊन बसायचीस. मीही नसलेली ऊ शोधत राहायचे.

पुढे समुपदेशनाची खोली थाटली तेव्हा खुर्च्या समोरासमोर मांडल्याच नाहीत. दोन्हींची तोंडं खिडकीकडे. मोठ्या माणसाचे डोळे चेहऱ्यावर नसले की मुलं बोलतात, हे पुस्तकात मी फार नंतर वाचलं. आपण होऊन काही विचारायचं नाही, हाही माझा नेम. मुलं ट्रेमधल्या वाळूत घरं बांधत, पत्ते खेळत. मी शेजारी बसून हरायचे. एका मुलाचे वडील वैतागून म्हणाले, “बाई, तीन आठवडे नुसते पत्ते? हे तर घरीही जमलं असतं!” मी म्हटलं, “मग जमवा ना, मी सुटले!” गृहस्थ आधी चिडले, मग कान खाजवत हसले. चौथ्या आठवड्यात ते स्वतः पत्ते पिसत होते आणि लेक त्यांना दटावत होता, “बाबा, लबाडी नाही हं.”

थांबायला मला माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी शिकवलं. दार वाजवायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि आतून ‘ये’ ऐकू येईपर्यंत उभं राहायचं. त्या शिस्तीवर मी तीस वर्षं काढली. लोक म्हणत, बाईंच्या खोलीत दगडालाही वाचा फुटते.

सोळाव्या वर्षी तू कात्री घेऊन स्वतःच केस कापलेस, कसेही, आणि खोलीला आतून किल्ली लावलीस. चार महिने. शाळेला जायचीस, परत आलीस की पुन्हा किल्ली. मी दार वाजवायचे, ताट ठेवायचे आणि म्हणायचे, “तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे.” माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच वाक्य सांगायचे. एकदाच तू आतून ओरडलीस, “मी तुझी पेशंट नाहीये, आई!” तेही मी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे! मग तू कॉलेजसाठी आत्याकडे गेलीस ती गेलीसच. आता आपला फोन म्हणजे तब्येत, हवा आणि “चल, ठेवते.” तू ठेवतेस. मी मात्र तो बंद फोन थोडा वेळ कानाशी धरून बसते. घरात तेवढाच तुझा वावर.

गेल्या महिन्यात एक पंधरा वर्षांची मुलगी आली होती. तिला विचारूनच हे लिहितेय. कुणाची, कुठली ते सांगणार नाही. तिची आई बाहेर बसली होती. खिडकीकडे बघत ती एकदम म्हणाली, “तुम्ही काही विचारत नाही ते बरंय. पण तुम्ही बाहेरच्या ना. आईनं नाही विचारलं की वाटतं, तिला ऐकायचंच नाहीये.” मी हातातला पत्ता टाकायची विसरले. “हे आईला सांगूया?” म्हटलं, तर तिनं होकारार्थी मान हलवली. आई आत आली, ऐकलं आणि खालीच बसली. म्हणाली, “अगं, काय ऐकावं लागेल याचीच भीती वाटायची मला.” चिमणे, माझंही अगदी तेच होतं. मी त्याला पद्धत म्हणत राहिले, एवढाच फरक.

सोमवारी माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. गाठ काढल्यावर आवाज राहील की नाही, याचा शब्द डॉक्टर देत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी दहाला मी फोन करणार आहे आणि माझ्या तोंडानं विचारणार आहे, तेव्हा तुला काय झालं होतं. रागाव, रड, काहीही कर, पण उचल. बाकी निरवानिरव अशी: वाळूचा ट्रे आणि खेळणी माझ्या हाताखालच्या मुलीला. खोली आता तीच चालवेल. खुर्च्या तेवढ्या फिरवू नकोस म्हणावं. लोखंडी कपाटातल्या, मुलांबद्दलच्या नोंदींच्या वह्या न वाचता फाडायच्या. तूही वाचायच्या नाहीत. करडी शाल आत्याला. तू तिच्याकडे गेलीस त्या पहिल्याच दिवशी तिनं तुला सरळ विचारलं होतं म्हणे. तू काय सांगितलंस ते मात्र आजवर तिनं मला कळू दिलं नाही. मी तिचा हेवा केला, हेही तिला सांग. आणि या पाकिटात एक किल्ली आहे, ती तुझी. तुझ्या खोलीची दुसरी किल्ली. ते चारही महिने ती माझ्या पर्समध्ये होती.

विचारायला फार उशीर केलेली, तरी तुझीच,
आई