चार बोटं काच

प्रिय रुद्रेश,

पोटभर आशीर्वाद. हे पत्र तुझी बहीण पुनम लिहून राहिली हाय, पण बोलणं सगळं माझं, तुझ्या आज्जीचं. ती मधेच शुद्ध करायला बघते. मी म्हटलं, बाई, मला अक्षर येत न्हाई, पण माझं बोलणं मला ओळखू येतं. वाचून दाखवशील तेव्हा चोरी धरीन. फोन का केला न्हाई म्हणशील. घरात फोन एकच, तुझ्या बापाचा. त्याचा नंबर बघून तू उचलत न्हाईस, आणि उचललास तरी तो बाजूला बसून कान देणार. दोघं एकाच वाणाचे. तुमच्या मधे बसून बसून मी लई थकले बघ.

पहिली बातमी ही की गाडीची काच दुरुस्त झाली. दोन महिने तुझ्या बापानं मागच्या डाव्या दाराला खताच्या पोत्याचं प्लास्टिक चिकटवून गाडी फिरवली. माझे डोळे दाखवायला किल्लारीहून लातूरला निघालं की रस्ताभर फडफड फडफड, जशी कोंबडी घेऊन बाजाराला निघालो. लोक विचारायचे, सिद्धराम, काच कधी करणार? हा म्हणायचा, ज्यानं बिघडवली त्यानं करावी. आणि ज्यानं बिघडवली म्हणतो तो नांदेडला खोली करून बसलेला, दिवाळीलासुद्धा आला न्हाई. तुझ्या वाटणीच्या करंज्या मी तीनदा उन्हात ठेवल्या. शेवटी म्हशीनं दिवाळी केली.

आता थंडी पडली. कानात वारं भरतंय म्हणून मी हट्ट धरला आणि काल औशाला ग्यानोबा मिस्त्रीकडं गेलो. तुझा बाप जाताजाताच निकाल देऊन मोकळा, म्हणे फ्यूज गेला. मिस्त्रीनं बटन दाबलं. काच हलली न्हाई, पण दाराच्या पोटातून घर्र आवाज आला. तो म्हणाला, फ्यूज गेला असता तर दार मुकं राहिलं असतं. करंट येतो, मोटर फिरते, पण जोर काचेपर्यंत पोचत न्हाई. आतली तार सुटली असणार. मला हसू आलं. आपल्या घरात एक माणूस हाय तसा, आतल्या आत घरघरतो आणि बाहेर काही येत न्हाई. पुनम म्हणते हे लिहू नको. लिही म्हटलं.

तुझा बाप मोंढ्याच्या बाजारात चक्कर मारायला गेला. मी बाकड्यावर बसून बघत होते. मिस्त्रीनं काच हातानं वर ओढून चिकटपट्टीनं चौकटीला बांधली, खाली पडू नये म्हणून. मग स्क्रू काढले, दाराचं आतलं अस्तर टक टक करत सुटलं. आत हात घातला आणि थांबला. चकरीवरून तार उतरलेली, आणि चकरीत सुपारीचं खांड रुतलेलं. दाराच्या तळाशी आणखी सहा. त्यानं ती मुठीत घेतली, पान-सुपारीनं लाल झालेल्या माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, मावशी, गाडीची पूजा दाराच्या आत घातली का काय? मी मान खाली घातली. त्यानं चकरी-तारेचा नवा संच बसवला, काच दहादा वर-खाली करून बघितली. तुझा बाप आल्यावर मिस्त्री त्याला म्हणाला, कचरा अडकला होता. खांडं मात्र कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. भला माणूस. पण त्या पुडीनं मला झोपू दिलं न्हाई.

पुनमचा पेन थांबला बघ. त्या दिवशी पावसात अर्धी काच अडकली आणि तिचीच कॉलेजची कागदं भिजली. तुझ्या बापानं तुला रस्त्यात उभं करून नको ते सुनावलं, बटनाशी खेळ करून काच घालवली म्हणाला. मी मागं बसले होते. तोंडात सुपारी होती. एक शब्द निघाला न्हाई.

तुझा बाप पुढं बसल्या जागी बटन दाबून माझी काच पुरी वर करतो, एसीची थंड हवा बाहेर जाते म्हणतो. म्हणून मी काच आणि दाराच्या मधल्या फटीत सुपारीचं खांड दाबायची, चार बोटं तरी उघडी राहावी. तीच खांडं आत घसरली. भूकंपात आपलं घर पडलं तेव्हा मी दुपारपर्यंत मातीखाली होते. तोंडाशी चार बोटं फट होती, तेवढ्या वाऱ्यावर जगले. हे कधी बोलले न्हाई. आपल्या घरातले सगळे वाचले होते रे. शेजारच्या नागुबाईची तिन्ही लेकरं गेली. तिच्यासमोर मी कशाची तक्रार करू? मग बोलायचं राहूनच गेलं.

आज सकाळी पुडी तुझ्या बापासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तो उठून गाडीपाशी गेला आणि माझी काच चार बोटं खाली करून आला. आता म्हणतो, पुढच्या महिन्यात आईचे डोळे नांदेडला दाखवू. लातुरातले डोळ्याचे डॉक्टर जसे काही संपले. पोराची माफी मागायला तोंड उघडत न्हाई, म्हणून माझे डोळे पुढं करून राहिला. तुझी खोली कुठं हाय तेही पुनमला दोनदा विचारलं. तर तो दारात आला की त्याला घरात घे. चूक त्याची न्हाई, माझी होती. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले, त्याची माफी मी मागते. येताना तू पुढं बस त्याच्या शेजारी. मी मागं बसते. सुपारी सोडली हाय, कालपासून.

तुझीच,
आज्जी गुरम्मा
(सही येत न्हाई. अंगठा माझा, शाई पुनमची.)