बाभळीच्या बंदुका

६ जाने.
तालीम ५ ते ८, औरंगपुऱ्यातला हॉल. पहिला प्रवेश एकदाचा बसला. पळवून आणलेल्या पोरांना कमांडर रांगेत उभं करतो आणि एकेकाचं नाव काढून घेतो. आजपासून तू 'कुत्रा', तू 'माचिस'. आठांपैकी सात मान डोलावतात. अयाननं नाही डोलावली. ओठांतल्या ओठांत आपलं जुनं नाव म्हणून घेतलं. मी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांचं पोरगं. इतकी वर्षं नाटकं बसवतेय, मला हे सुचलं नसतं.

९ जाने.
आठांतला स्वप्निल बिडकीनहून बंदुका घेऊन आला. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखता राखता बाभळीच्या तासल्यात. जड आहेत. बरंच झालं, पोरांचे खांदे आपोआप वाकतात. गणवेश अयानच्या अब्बांनी शिवले, मुद्दाम दोन मापं मोठे. स्वप्निल आणि अयान, दोघांचा बंदुका रोखून फोटो काढला. पोस्टरला हाच. लगेच स्टेटसला टाकला. स्वतःवर जाम खूश.

१३ जाने.
सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. मी काढलेलाच. स्वप्निल कापलाय. एकटा अयान. खाली, 'आपल्या शहरात काय चाललंय बघा. जागे व्हा.' त्याखाली अंगठेच अंगठे. ज्यांच्याकडे परवा हळदीकुंकवाला जायचंय त्या काकूंचाही. मी लिहिलं, हे माझ्या नाटकातलं आहे, मुलगा नट आहे. त्यानंतर फोटोला आणखी चार अंगठे. स्टेटस केव्हाच गेलं, फोटो राहिला.

१५ जाने.
अयानच्या अब्बांच्या दुकानात दोघे साध्या वेशात येऊन गेले. माप द्यायला आलेत समजून अब्बांनी टेप उचलली होती.
मी संहिता घेऊन चौकीत. साहेब सभ्य. चहा मागवला, पानं चाळली. म्हणाले, "विषय चांगलाय मॅडम. पण दुसरी पोरं मिळाली नाहीत का?"
फोटोत दुसरं पोरगं होतंच, हे सांगायला हवं होतं. चहा प्यायले. लाज वाटते.
हळदीकुंकवाला गेले नाही.

१६ जाने.
अयान नाही. त्याची अम्मी आली. गणवेश इस्त्री करून, घडी घालून परत. भांडली असती तर बरं झालं असतं.
म्हटलं, बंदुकाच काढून टाकते, सगळे रिकाम्या हातांनी करतील. म्हणाली, तो फोटो कसा काढणार?
मग जिन्यात थांबून, "तुमच्यासाठी ती लाकडाची हाय मॅडम. आमच्या पोराच्या हातात गेली की लाकडाची राहत नाय."
हे मला आधी कळायला हवं होतं. बंदूक दिली मीच. विचारलं कुणाला? कमांडर तरी कुठं विचारतो.

१८ जाने.
अयानच्या जागी स्वप्निल. बरा करतो. बरा म्हणजे बराच. मध्येच थांबून म्हणाला, "मॅडम, फोटोत मी पण व्हतो की. मला कसं कुणी काय म्हणलं नाय?" पुढचा संवाद घे म्हटलं.
घरी येऊन रडले. अयानसाठी की नाटकासाठी, खरं सांगता येत नाही.

२१ जाने.
प्रयोगाला चार दिवस. आणि अयान दारात! मी धावतच गेले.
अम्मीनं सोडलं, पण एका अटीवर. पाठ केल्यासारखं म्हणाला, "फोटो नाय काढायचे. आणि पत्रिकेत माझं नाव दुसरं टाका. रोहन चालंल."
तुला चालेल का, विचारलं. खांदे उडवले. गणवेश चढवायला गेला.
पहिला प्रवेश घेतला. कमांडरनं नाव काढून घेतलं. मी अयानच्या ओठांकडे बघत होते. हलले नाहीत. त्या सातांसारखीच मान डोलावली.
छापखान्यातून पत्रिकेसाठी दोनदा फोन येऊन गेला. सात नावं पाठवलीत. आठव्यासाठी उद्या सकाळपर्यंत वेळ मागितलाय.